कोथरूडचा 'क'

रिक्षात बसताना मी कित्येक वर्षं 'मयूर कॉलनी' असं सांगायचो. आमचं घर मयूर कॉलनीत नाही, डहाणूकर कॉलनीत आहे. मयूर कॉलनीत उतरायचं, पैसे द्यायचे, रिक्षा वळून दिसेनाशी होईपर्यंत उगाच मोबाइलमध्ये बघत उभं राहायचं आणि मग पंधरा मिनिटं चालत घर गाठायचं. कारण 'म' मला येतो. 'ड'चा भरवसा नाही आणि 'क' तर येतच नाही. 'कोथरूड' म्हणायला गेलो की जीभ टाळूला चिकटते, घसा बंद होतो आणि आतमध्ये सगळं तयार असूनही बाहेर काही येत नाही. 'कर्वे पुतळ्याजवळ' म्हणणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

मी बोलताना अडखळतो. शाळेत 'बोबडा' म्हणायचे, पण बोबडं बोलणं म्हणजे 'र'ला 'ल' म्हणणं. माझं तसं नाही. मला अक्षर नीट म्हणता येतं, फक्त ते सुरू होत नाही. जगात साधारण शंभरातला एक मोठा माणूस असा असतो, आणि त्यांत बायकांपेक्षा पुरुष बरेच जास्त. आमच्या वर्गात तो एक मीच होतो. हजेरीच्या वेळी माझा नंबर जवळ येऊ लागला की हाताला घाम सुटायचा.

घरी उपाय सगळे झाले. आजीनं वेखंड उगाळून मधातून चाटवलं. कुणीतरी तोंडात गोटी ठेवून वाचायला सांगितलं, ती एकदा गिळता गिळता वाचलो आणि तो प्रयोग थांबला. गंमत म्हणजे गणपतीत सगळ्यांबरोबर अथर्वशीर्ष म्हणताना माझा एक शब्द अडायचा नाही. आई सगळ्यांना सांगायची, 'बघा, म्हणतो की नाही घडाघडा? मनावर घेतलं तर जमतं त्याला.' मनावर घेण्याचा काही संबंध नव्हता. चारचौघांबरोबर एका सुरात बोललं किंवा गाणं म्हटलं की अडखळणाऱ्या जवळजवळ कुणाचंच अडत नाही, ही जुनी माहिती आहे. मला ती कळायला इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष उजाडलं. तोपर्यंत मी आईचंच खरं मानत होतो, की मी पुरेसं मनावर घेत नाही.

मग मोबाइलवर रिक्षा बोलावता येऊ लागली. लोकांना त्यात सोय दिसली, मला मोक्ष दिसला. पत्ता टाइप करायचा, चार आकडी ओटीपी सांगायचा, संपलं. जेवण मागवायला बोलायचं नाही, बँकेत बोलायचं नाही, ऑफिसात चॅटवर काम चालतं. चार-पाच वर्षांत मी असं आयुष्य उभं केलं की ज्यात 'क' म्हणायची वेळच येत नाही. मला वाटलं, प्रश्न सुटला.

मग ती रात्र आली. बाबांना मधुमेह आहे. रात्री दोनच्या सुमाराला ते बाथरूमच्या दारात कोसळले. अंग घामानं थबथबलेलं, बोलणं असंबद्ध. आई त्यांच्या तोंडाला साखरेचं पाणी लावत होती आणि मी १०८ लावला. पलीकडच्या बाईंनी पहिल्याच रिंगला उचलला आणि विचारलं, पत्ता सांगा. मी 'को' म्हणायला गेलो आणि अडकलो. 'सर, बोला. ऐकू येतंय ना?' त्या शांतपणे विचारत होत्या. ऐकू येत होतं. मी तोंड उघडून उभा होतो आणि मांडीवर मूठ आपटत होतो. किती वेळ गेला माहीत नाही. नंतर कॉल लॉग पाहिला तर एकूण कॉल एक मिनिट अकरा सेकंदांचा होता. आईनं उठून माझ्या हातातून फोन घेतला, एका दमात पत्ता सांगितला आणि परत बाबांपाशी बसली. बाबा सावरले, साखर उतरली होती एवढंच. आई त्या फोनबद्दल आजवर काही बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

गोल्फ यानंतर महिन्याभरानं आलं, आणि तेही गच्चीवर. आमच्या सोसायटीत एक निवृत्त कर्नल राहतात. रात्री जेवण झालं की ते गच्चीवर येऊन एक लोखंडी काठी फिरवतात. चेंडू नसतो, नुसतीच काठी. मी गच्चीवर जायचो ते ऑफिसचे कॉल घ्यायला, कारण मला अडखळताना घरच्यांनी ऐकू नये असं वाटायचं. एक दिवस माझा कॉल फारच वाईट गेला. मी फोन ठेवून कठड्याला टेकलो, तर काका काठी माझ्यापुढे धरून म्हणाले, 'बोलू नकोस. मार.'

आमच्या घरात गोल्फ म्हणजे सिनेमातल्या श्रीमंत बापाचा खेळ. नाही म्हणायला २०२१च्या ऑगस्टमध्ये टोकियोत अदिती अशोकचं पदक एका फटक्यानं हुकलं, त्या शनिवारी सकाळी आईसुद्धा टीव्हीपुढे बसून 'बोगी म्हणजे चांगलं की वाईट?' असं विचारत होती. त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांत आपला पुण्याचा उदयन माने होता, आणि अनिर्बन लाहिरीचा जन्मही पुण्यातलाच, हे मला काकांनी सांगितलं. येरवड्याला इंग्रजांच्या काळापासूनचं गोल्फचं मैदान आहे, काका तिथे जातात आणि पाहुणा म्हणून मला नेतील, असंही ठरून गेलं. माझं मत विचारलं नव्हतं. ते बोलून दाखवायलाही मला वेळ लागला असता.

मी लहानपणी क्रिकेट बरं खेळायचो. त्यामुळे पहिल्या दिवशी मला वाटलं, थांबलेला चेंडू मारायचा, त्यात काय एवढं? पहिला फटका हवेत. दुसरा जमिनीत, मनगटापर्यंत झिणझिण्या. तिसरा चेंडूच्या डोक्यावर, तो दहा पावलं घरंगळत गेला. क्रिकेटमध्ये चेंडू तुमच्याकडे येतो. कधी हलायचं ते गोलंदाज ठरवतो, तुम्ही फक्त उत्तर देता. इथे चेंडू गवतावर बसून तुमच्याकडे बघतो. कुणी सुरुवात करून देत नाही. तुम्ही कधी सुरू करणार, हा सगळा खेळ तुमचा एकट्याचा. काठी चेंडूमागे ठेवून मी उभा राहिलो आणि मला घसा आवळल्याचा अगदी ओळखीचा भास झाला. काठी मागे जाईना. सगळं तयार होतं आणि सुरू होत नव्हतं.

काका मागून म्हणाले, 'पुतळा होऊ नकोस. हात हलवत राहा.'

त्याला वॅगल म्हणतात. मारण्याआधी काठीचं टोक मनगटातून थोडं मागेपुढे हलवायचं, म्हणजे शरीर पूर्ण थिजत नाही आणि हलण्यातूनच पुढचं हलणं निघतं. बेन होगननं १९५७च्या त्याच्या पुस्तकात यावर बराच मजकूर खर्च केला आहे. गॅरी प्लेअर उजवा गुडघा आत दाबून सुरुवात करायचा, जॅक निकलस हनुवटी किंचित उजवीकडे वळवायचा. सगळे मोठे लोक, आणि प्रत्येकाची सुरू होण्याची आपापली किल्ली. मी हे वाचलं तेव्हा हसू आलं, कारण माझ्याकडेही किल्ल्या आहेत: 'म्हणजे', 'तसं पाहिलं तर', अंगठा बोटावर घासणं, पापण्या मिटणं. फरक इतकाच की माझ्या किल्ल्या कालांतरानं गंजतात. 'म्हणजे' म्हणून गाडी सुरू होते असं वर्षभर चालतं, मग 'म्हणजे, म्हणजे, म्हणजे' असं होतं आणि तीही अडचणच बनते.

हे गोल्फरांनाही होतं. २०१२च्या प्लेअर्स चॅम्पियनशिपमध्ये केविन ना तीन दिवसांनंतर आघाडीवर होता. त्याचे व्हिडिओ मी रात्री एक वाजता पाहिले आणि झोप उडाली. तो चेंडूपाशी उभा राहतो, वॅगल करतो, करतो, करतच राहतो. मागे होतो, परत येतो. कधी काठी खाली आणतो आणि मुद्दाम चेंडूवरून फिरवून रिकामी नेतो, कारण सुरुवात चुकली आहे हे त्याला मध्येच कळतं. प्रेक्षक ओरडतात. तो चिडतो तो स्वतःवरच, आणि सगळ्यांची माफी मागतो. शेवटच्या दिवशी तो मागे पडला. त्याच्या दहा वर्षं आधी, २००२च्या यूएस ओपनमध्ये सर्जिओ गार्सिया काठीवरची पकड परत परत आवळत उभा राहायचा आणि न्यूयॉर्कचे प्रेक्षक मोठ्यानं आकडे मोजायचे. आमच्या वर्गातली मुलं माझे 'क क क' असेच मोजायची. मला या दोघांच्या मेंदूत काय चाललं होतं हे सांगता येणार नाही, आणि अडखळणं ही नुसती घबराट नव्हे, त्यामागे मेंदूची जडणघडण आणि आनुवंशिकता आहे. माझे एक मामा अडखळतात. तरी उभं राहण्याची ती तऱ्हा मी ओळखतो.

आता वेळेबद्दल. जॉन नोवोसेल नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी गोल्फरांचे व्हिडिओ बघताना चौकटी मोजल्या. सेकंदाला तीस चौकटी. काठी चेंडूपासून निघून वर पोचेपर्यंत २७, तिथून चेंडूला लागेपर्यंत ९. दुसऱ्या कुणाच्या २४ आणि ८, अजून कुणाच्या २१ आणि ७. माणसं वेगळी, उंची वेगळी, पण वर जाण्याचा वेळ खाली येण्याच्या तिप्पट. २००४ साली त्यांचं यावर पुस्तक आलं, 'टूर टेम्पो'. म्हणजे सगळा फटका एका सेकंदाच्या आसपास संपतो. त्यात खाली यायला जेमतेम पाव सेकंद. डोळ्यांनी पाहून हातानं प्रतिसाद द्यायलाच माणसाला साधारण तेवढा वेळ लागतो, तेव्हा खाली येताना चूक कळली तरी दुरुस्त करायला उशीर झालेला असतो. चेंडू आणि काठी एकमेकांना भेटतात ते अर्ध्या मिलिसेकंदासाठी. त्या क्षणी चेंडू एक अंश जरी वाकडा निघाला तरी दोनशे मीटरवर साडेतीन मीटर बाजूला जातो. हे साधं त्रिकोणमितीचं गणित आहे, पण मैदानावर केलं की पोटात गोळा येतो.

इंजिनिअर माणसाला असा आकडा सापडला की तो गप्प बसत नाही. मी मोबाइल तिपाईवर लावून सेकंदाला २४० चौकटींनी साठ फटके चित्रित केले. तीन खुणा हातानं केल्या: काठी निघाली, काठी वर पोचली, चेंडूला लागली. मग पायथनमध्ये आलेख. तीनास एक धरून मला १९२ आणि ६४च्या आसपास यायचं होतं. खाली येणं बऱ्यापैकी जागेवर होतं, ६५ ते ७२. वर जाणं मात्र कधी १५०, कधी २६०. सरासरी काढली तर मी चक्क टायगर वुड्ससारखा दिसत होतो. सरासरीनं काय होतं? आमच्याकडेही सर्व्हर सरासरी शंभर मिलिसेकंदांत उत्तर देतो म्हटल्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही. शंभरातला एक गिऱ्हाईक पाच सेकंद ताटकळतो, तोच तक्रार करतो, आणि त्याच्याचसाठी रात्री उठावं लागतं. माझं बोलणंही तसंच आहे. नव्व्याण्णव शब्द ठीक जातात. लोकांच्या लक्षात शंभरावा राहतो, आणि कुठला शंभरावा हे मलाही आधी माहीत नसतं. नेहमीच अडलं असतं तर एक वेळ सवय झाली असती.

मग मी चौथी खूण केली, सहज म्हणून. काठी चेंडूमागे टेकल्यापासून ती निघेपर्यंत मी किती वेळ स्तब्ध असतो? तीन सेकंदांच्या आतले फटके बरे होते. त्यापुढे जसजसा थांबलो होतो तसतसे ते वाईट, आणि वर जाण्याचा तो लहरी आकडाही या थांबण्याबरोबरच बिघडत होता. एका माणसाचे साठ फटके म्हणजे संशोधन नव्हे, हे मला कळतं. आलेख काकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, 'पुतळा होऊ नकोस, असं मी पहिल्या दिवशी काय म्हणालो होतो?'

मेट्रोनोमचाही प्रयोग झाला. कानात टिकटिक लावली, तिसऱ्या ठोक्याला वर, चौथ्याला चेंडू. फटके सुधारले. त्या रात्री खोलीचं दार लावून मी त्याच टिकटिकीवर पेपर मोठ्यानं वाचला. एका ठोक्याला एक अक्षर. अर्धं पान वाचलं, एकदाही अडलो नाही. 'कोथरूड', 'कर्वे', 'कात्रज', 'कोंढवा', सगळं म्हणून पाहिलं, यंत्रासारखं पण लख्ख. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात गेलो, बाबांची गोळी मागितली आणि पहिल्याच अक्षराला जसाच्या तसा अडकलो.

कर्वे रस्त्यावर एक स्पीच थेरपिस्ट आहेत, त्यांच्याकडे मी पुन्हा जायला लागलो ते या आठवड्यात. आधी एकदा सोडलं होतं. मी मेट्रोनोमचा किस्सा सांगितला तर मॅडमना नवल वाटलं नाही. बाहेरून ठोका मिळाला की मेंदूला सुरुवातीची वेळ आयती मिळते, म्हणून बहुतेकांचं बोलणं तेवढ्यापुरतं सरळ होतं. अथर्वशीर्षाचंही बहुधा तेच. पण दुकानात, फोनवर, भांडणात ठोका कोण देणार? त्यांनी मला उलटा अभ्यास दिला. दिवसातून पाच वेळा मुद्दाम अडखळायचं, आपल्या मर्जीनं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. आणि 'क' म्हणताना जीभ टाळूवर आदळायची नाही, टेकवायची. काठी मागे नेताना काका म्हणतात तसंच: ओढू नको, जाऊ दे.

याच काळात मी केन वेंचुरीबद्दल वाचलं. सॅन फ्रान्सिस्कोचा, लहानपणी इतका अडखळायचा की शिक्षिकेनं त्याच्या आईला सांगितलं होतं, हा कधी नीट बोलणार नाही. त्यानं मग सगळ्यांत एकटा खेळ निवडला, जिथे कुणाशी बोलावं लागत नाही, आणि मैदानावर एकटाच स्वतःच्या फटक्यांचं समालोचन करत हिंडला. १९६४ साली भयंकर उकाड्यात, शेवटच्या दिवशी छत्तीस होल खेळून, डॉक्टर थांब म्हणत असताना त्यानं यूएस ओपन जिंकली. पुढे मनगटं आणि हात साथ देईनात, तेव्हा तो टीव्हीवर गोल्फचा समालोचक झाला आणि पस्तीस वर्षं बोलला. टायगर वुड्सही लहानपणी अडखळायचा. कुत्र्याशी बोलत बसायचा, ते झोपेपर्यंत. स्वीडनची सोफी गुस्टाफसन मोठेपणीही अडखळतच राहिली, आणि तशीच कॅमेऱ्यासमोर बसून तिनं मुलाखत दिली. मला वेंचुरीपेक्षा ती जवळची वाटते. वेंचुरीची गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, 'बघ, तोही बरा झाला.' मी बरा होईन असं मला वाटत नाही, आणि आजकाल त्याचं तितकं वाईटही वाटत नाही.

आता काका दर रविवारी येतातच असं नाही, गुडघा दुखतो त्यांचा. त्यांनी आत सांगून ठेवलंय, म्हणून मी एकटा जातो, वनाजहून येरवड्यापर्यंत मेट्रोनं. त्यांच्या तीन जुन्या काठ्या जुन्या चादरीत गुंडाळलेल्या असतात. पहिल्या दिवशी सुरक्षारक्षकानं विचारलं, 'काय आहे हे?' 'ग' हा 'क'चा सख्खा भाऊ. मी 'ग्ग्ग' करत राहिलो, त्याचा संशय वाढत गेला, मागे रांग वाढत गेली. शेवटी मी चादर सोडली. त्यानं एक काठी हातात घेऊन मस्त क्रिकेटचा पुल मारला आणि म्हणाला, 'हां, गोल्फ.' आता ओळख झाली आहे.

ऑफिसात गेल्या वर्षी एका टीमचं नेतृत्व मी नाकारलं होतं. कारण विचारल्यावर 'तांत्रिक कामात जास्त रस आहे' असं लिहून पाठवलं, लिहिताना मी अडत नाही. या जूनमध्ये परत विचारलं तेव्हा हो म्हणालो. पहिल्या कॉलला चौदा माणसं होती. मी आधीच सांगून टाकलं की मी अडखळतो, शब्द पुरा करून द्यायला धावू नका, येईल तो. मग स्वतःच्या नावावरच अडकलो. सात-आठ सेकंद असतील. कुणीतरी कॅमेरा बंद केला, हसायला की अवघडल्यामुळे, कळलं नाही. नाव आलं. पुढचं काम झालं.

मागच्या महिन्यात परतायला उशीर झाला, शेवटची मेट्रो गेली आणि मोबाइलची बॅटरीही संपली. येरवड्यात एक रिक्षा उभी होती. काका वयस्कर, तोंडात तंबाखू.

'कुठं?'

मी चादर खांद्यावरून उतरवली, अंगठा बोटावर घासला, जीभ टाळूला टेकवली. 'क्‌... क्‌...'

'कात्रज?'

मी मान हलवली.

'कोंढवा? कॅम्प? कोरेगाव पार्क काय? ते तर हे इथंच.'

'क्‌... को...'

ते थांबले. बाहेर थुंकून आले, सीटवर नीट मांडी सरकवून बसले आणि आरशातून माझ्याकडे बघत राहिले, जणू सिग्नल सुटायची वाट बघतायत.

'कोथरूड,' मी म्हणालो. 'ड्‌... ड्‌... डहाणूकर कॉलनी.'

'मग पहिलंच डहाणूकर म्हणायचं ना,' ते म्हणाले आणि मीटर पाडला.